नाणं वर जाताना त्याला कोण ढकलतं?

पत्राचा सारांश : अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. शाळा तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमातून झाली. दहावीला विज्ञानात ९६ गुण होते. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहते, कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास असं दोन्ही करते. ‘लॉज ऑफ मोशन’ हा धडा सुरू झाला आणि क्लासच्या चाचणीत पन्नासपैकी ११ गुण पडले. त्याआधी वर्गात सरांनी विचारलं होतं, ‘नाणं वर उडवलं. हातातून सुटून ते वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं असतात?’ तिने सांगितलं, ‘हाताचं बल वर आणि गुरुत्वाकर्षण खाली. हाताचं जास्त, म्हणून नाणं वर जातं.’ वर्ग हसला. बरोबर उत्तर तिने वहीत उतरवून घेतलं, पण ते पटलं नाही. ती लिहिते, ‘तिन्ही नियम मला पाठ आहेत, सूत्रात किमती घालून उत्तरही काढता येतं, पण प्रश्न जरा फिरवला की चुकतं. बैल गाडीला ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते, मग गाडी हलते कशी, हेही कळत नाही आणि आता विचारायची लाज वाटते. मराठी माध्यमामुळे पाया कच्चा राहिला का? मैत्रीण म्हणते भरपूर न्यूमेरिकल्स सोडव, आपोआप जमेल. दादा म्हणतो मॅथ्स सोड, बायोलॉजी धर. मला वाटतं सरळ कॉमर्सला जावं. बाबांनी क्लासची फी उसने पैसे घेऊन भरली आहे, त्यांना काही सांगायचं धाडस होत नाही.’

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या हसण्याबद्दल बोलू, कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचताना दिसतं. जे हसले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात तुझंच उत्तर होतं, असं मी ठामपणे म्हणते, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट या संशोधकाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना अगदी हाच नाण्याचा प्रश्न घातला होता. त्याचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेने बाण काढला होता. यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम शिकून झाल्यावरही हा बाण बऱ्याच जणांच्या आकृतीतून गेला नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर भौतिकशास्त्र शिकवतात. १९९०च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला बल आणि गतीवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा वर्गातून विचारणा झाली, की ही उत्तरं तुम्ही शिकवलं त्याप्रमाणे लिहायची, की मी स्वतः विचार करते त्याप्रमाणे? हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटतो, आणि तुझं पत्र त्याच जातीचं आहे. तुला पाठ असलेलं आणि तुला पटलेलं यांत अंतर आहे, आणि ते तुझं तुला दिसलं आहे. अनेकांना पदवी मिळेपर्यंत ते दिसत नाही.

इथेच तुझा मराठी माध्यमाचा प्रश्न बराचसा सुटतो. हार्वर्डच्या त्या वर्गातली मुलं इंग्रजीतच शिकून आली होती. तरी त्यांचं तिथेच अडलं. क्लासमध्ये इंग्रजी शब्द भराभर कानावर आदळतात, त्याने दमायला होतं हे खरं, पण तुझं घोडं भाषेपाशी अडलेलं नाही. उलट माझा आग्रह आहे, की या धड्याचा विचार तू मराठीतच कर. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. ते पुस्तक घरून मागवून घे आणि अकरावीच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाच. परीक्षेपुरती ॲक्सिलरेशन, टेन्शन, फ्रिक्शन ही नावं दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतील.

आता नाण्याकडे येऊ. तुझ्या उत्तरामागे एक गृहीत आहे: वस्तू ज्या दिशेने जाते त्या दिशेने तिच्यावर बल असलंच पाहिजे. हे गृहीत तुला कोणी शिकवलेलं नाही. ढकललं तर हलतं, ढकलणं थांबवलं तर थांबतं, हे आपण रांगायला लागल्यापासून बघतो. ॲरिस्टॉटलचंही म्हणणं असंच होतं. मग धनुष्यातून सुटलेला बाण पुढे का जात राहतो, याचं उत्तर देताना त्याला आजूबाजूच्या हवेला कामाला लावावं लागलं: हवाच बाणाला पुढे ढकलत राहते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसने यावर आक्षेप घेतला. पुढे चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँने सांगितलं, की फेकणारा हात वस्तूला काहीतरी देतो, ते तिच्यात राहतं आणि तेच तिला पुढे नेतं. त्याने त्याला ‘इम्पेटस’ म्हटलं. तुझं उत्तर जवळजवळ शब्दशः ब्युरिदाँचं आहे. त्यानंतर गॅलिलिओचं गतीवरचं पुस्तक यायला १६३८ साल उजाडलं आणि न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली आला. ज्या गोष्टीला युरोपातल्या हुशार माणसांची कित्येक शतकं लागली, ती तुला एका तासिकेत पटली नाही, म्हणून शाखा बदलायची वेळ येत नाही.

आणि ब्युरिदाँ पूर्ण चुकला नव्हता, हे माझ्या मते तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. हातातून सुटलेल्या नाण्याजवळ खरंच काहीतरी असतं, जे हातात स्थिर असताना नव्हतं. जितकं वस्तुमान जास्त आणि जितका वेग जास्त तितकं ते जास्त. त्याला संवेग म्हणतात. तो तुझ्या हाताने दिला हेही बरोबर. फक्त संवेग म्हणजे बल नव्हे. संवेग वस्तूजवळ राहतो. बल तसं साठून राहत नाही. ते एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर लावायचं असतं आणि लावणारी वस्तू बाजूला झाली की तिचं बल तिथेच संपतं. तुझा तळवा नाण्याला टेकलेला होता तोवर हाताचं बल होतं. नाणं सुटलं त्या क्षणी ते शून्य झालं. नंतर नाण्यावर उरली फक्त पृथ्वीची ओढ, कारण तिला स्पर्शाची गरज नाही. (हवेचा अडथळाही असतो, पण नाण्यासाठी तो इतका थोडा असतो की सोडून देऊ.)

हे नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून आकडे घे. समज, नाणं ४.९ मीटर प्रतिसेकंद वेगाने हातातून सुटलं. दर सेकंदाच्या दहाव्या भागाला त्याचा वेग लिही: ४.९०, ३.९२, २.९४, १.९६, ०.९८, ०, उणे ०.९८, उणे १.९६ आणि असंच पुढे. प्रत्येक पायरीला ०.९८ वजा होत आहेत. वर जाताना तेवढेच, खाली येताना तेवढेच. अर्ध्या सेकंदाने नाणं सव्वा मीटरला थोडं कमी इतक्या उंचीवर पोचतं आणि तिथे वेग शून्य होतो. आता या ओळीकडे नीट बघ. वर जाणारं नाणं कोणी ढकलत असतं आणि तो जोर हळूहळू संपत असता, तर सुरुवातीला वजाबाकी कमी आणि नंतर जास्त अशी दिसली असती. तसं होत नाही. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकच बल एकाच दिशेने काम करतं आहे, आणि ते वेग खाऊन टाकत आहे. नाणं वर जातं ते केवळ त्याच्याजवळ आधी वेग होता म्हणून.

सगळ्यात वरच्या बिंदूवर चाचणीत तू त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य लिहिलं असशील तर ती चूकही याच ओळीतून निघेल. ०.९८, मग शून्य, मग उणे ०.९८. शून्याच्या अलीकडेही वजाबाकी तीच आणि पलीकडेही तीच. वेग शून्य होता, पण बदलण्याचं काम थांबलं नव्हतं. त्या बिंदूवर त्वरणही शून्य असतं तर नाणं तिथेच हवेत लटकून राहिलं असतं. वेग आणि वेगातला बदल या दोन गोष्टी मनात वेगळ्या झाल्या की या धड्याचा अर्धा भार उतरतो. बल वेगाला जबाबदार नाही, वेगातल्या बदलाला जबाबदार आहे. दुसरा नियम एवढंच सांगतो, आणि ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ हे सूत्र पाठ करताना नेमकं हेच हातातून निसटतं.

मला नेहमी वाटतं, की तीन नियमांत पहिला नियम पाठ करायला सगळ्यात सोपा आणि पटायला सगळ्यात अवघड. वर्गात त्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो. सरळ रेषेत स्थिर वेगाने जाणाऱ्या वस्तूवरचं एकूण बल शून्य असतं, हे आपल्या रोजच्या अनुभवाविरुद्ध जातं, कारण आपल्या भोवती घर्षण सगळीकडे आहे आणि ते दिसत नाही. गॅलिलिओने एका उतारावरून गोळा सोडला आणि समोरच्या चढावर चढू दिला. तो जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत चढायचा. चढ कमी तिरका केला की तेवढी उंची गाठायला तो लांबवर जायचा. चढ अगदी आडवाच केला तर? उंची कधी गाठलीच जाणार नाही, मग थांबायचं कशाला? हा विचार त्याने केला तेव्हा घर्षण पूर्ण काढून टाकलेला पृष्ठभाग त्याच्याकडे नव्हता. तुझ्याकडे कॅरम आहे. पावडर न टाकता स्ट्रायकर मार, मग पावडर टाकून त्याच जोराने मार. स्ट्रायकर बोटापासून सुटल्यावर पुढे ढकलणारं कोणीच नाही, दोन्ही वेळा. फरक आहे तो मागे खेचणाऱ्या घर्षणात. म्हणजे स्ट्रायकर ‘का चालतो’ हे विचारायचंच नाही. तो ‘का थांबतो’ हे विचारायचं. चंद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी निघालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. त्या चाळीस दिवसांत इंजिनं चालली ती फारच थोडा वेळ, वेग वाढवायला, कमी करायला किंवा दिशा बदलायला. बाकीचा प्रवास इंजिनाशिवाय झाला. पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढीने त्याचा वेग आणि मार्ग बदलत राहिला, पण जात राहण्यासाठी त्याला इंधन जाळावं लागलं नाही.

आता बैलगाडी. या प्रश्नाला लाजू नकोस. माझ्या मते संपूर्ण धड्यातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि जो हा नीट सोडवतो त्याला तिसरा नियम कळला असं मी मानते. तुझी अडचण अशी, की दोन बलं सारखी आणि विरुद्ध आहेत म्हणजे बेरीज शून्य. पण बेरीज कोणाच्या खात्यावर करायची? बैलांनी लावलेलं बल गाडीवर आहे. गाडीने लावलेलं बल बैलांवर आहे. एकाच्या खात्यावरची रक्कम दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही. गाडी हलेल की नाही हे ठरवायचं असेल तर फक्त गाडीवर लागणारी बलं मोजायची. बैल काय सोसतात याचा त्या हिशेबाशी संबंध नाही.

आकडे घालून बघू. मालासकट गाडी ६०० किलो, बैलजोडी ८०० किलो. रस्त्यामुळे आणि आसामुळे गाडीला मागे खेचणारा विरोध ३०० न्यूटन धरू. गाडी उभी होती ती निघाली आणि तिचा वेग दर सेकंदाला ०.२ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो आहे. एकट्या गाडीचा हिशेब: हे त्वरण यायला ६०० गुणिले ०.२, म्हणजे १२० न्यूटन शिल्लक राहायला हवेत. मागे ३०० आहेतच. म्हणून बैल तिला ४२० न्यूटनने पुढे ओढत असले पाहिजेत. आता एकट्या बैलांचा हिशेब: तिसऱ्या नियमाप्रमाणे गाडी त्यांना बरोबर ४२० न्यूटनने मागे ओढते. त्यांनाही गाडीबरोबर तेच त्वरण आहे, त्यासाठी ८०० गुणिले ०.२ म्हणजे १६० न्यूटन शिल्लक हवेत. म्हणजे कोणीतरी बैलांना ५८० न्यूटनने पुढे ढकलतं आहे. कोण? जमीन. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात आणि जमीन त्यांना तेवढ्याच बलाने पुढे रेटते. तुझ्या प्रश्नात जमीनच नव्हती, म्हणून तो सुटत नव्हता. दोघांना एकत्र धरून पडताळा घे: पुढे ५८०, मागे ३००, शिल्लक २८०, आणि १४०० गुणिले ०.२ बरोबर २८०. जुळलं.

चिखलात बैलांचे खूर घसरतात तेव्हा काय होतं, ते तू शेतात पाहिलंच असेल. बैलांची ताकद तेवढीच असते, पण जमीन त्यांना पुढे रेटू शकत नाही. तिसरा नियम तिथेही तसाच लागू असतो. आणि गाडी एकदा चालीला लागून एकाच वेगाने जायला लागली की? त्वरण शून्य, म्हणून गाडीवर पुढे ३०० आणि मागे ३००. जू खेचायला आधी ४२० न्यूटन लागत होते, आता ३०० पुरतात. गाडी निघताना बैल मान खाली घालून जोर लावतात आणि नंतर सुखाने चालतात, त्याचं एक कारण हे. गाडी चालू आहे आणि तिच्यावरचं एकूण बल शून्य आहे, ही गोष्ट तू लहानपणापासून गाडीत बसून अनुभवली आहेस.

तिसऱ्या नियमाबद्दल अजून एक सावधगिरी, कारण परीक्षेत याचा सापळा हमखास असतो. टेबलावर पुस्तक आहे. त्याचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, तिथेच चोरी पकडली जाते. जोडी ओळखायची तर बल एका पूर्ण वाक्यात लिही: पृथ्वी पुस्तकाला ओढते. आता नावं उलट कर: पुस्तक पृथ्वीला ओढतं. ही जोडी. तसंच टेबल पुस्तकाला वर रेटतं, पुस्तक टेबलाला खाली रेटतं. ही दुसरी जोडी. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा रेटा सारखे आहेत ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, तिसऱ्या नियमामुळे नव्हे. हेच पुस्तक घेऊन तू वर निघालेल्या लिफ्टमध्ये उभी राहिलीस, तर लिफ्ट वेग घेत असताना तुझ्या तळहाताचा रेटा पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त असतो, पण दोन्ही जोड्या तेव्हाही बिनचूक सारख्याच असतात.

याच वाक्याच्या कसोटीने वळणावरचा गोंधळही मिटतो. घाटात एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडे फेकले जातो, आणि मुलं आकृतीत बाहेरच्या दिशेने बाण काढतात. वाक्य लिहायचा प्रयत्न कर: ‘... प्रवाशाला बाहेर ढकलतो.’ रिकाम्या जागी कोणाचं नाव घालशील? कोणाचंच बसत नाही. तुझं शरीर सरळ जायला बघतं, बस वळते, आणि शेवटी सीटचा दांडा किंवा शेजारचा प्रवासी तुला आत ढकलून वळायला लावतो. खरं बल आतल्या दिशेने आहे. गोफणीतला दगड सुटला की वर्तुळाच्या स्पर्शरेषेने सरळ जातो, मध्यापासून बाहेर उडत नाही, हे गोफण चालवणाऱ्याला हाताने माहीत असतं. म्हणून तर दोरी कधी सोडायची हे त्याला साधतं. तरुण न्यूटननेही वर्तुळाकार गतीचा विचार आधी मध्यापासून दूर जाण्याच्या ओढीच्या अंगानेच केला होता. १६७९ साली रॉबर्ट हुकने त्याला पत्रातून सुचवलं, की ग्रहाची गती म्हणजे स्पर्शरेषेतली सरळ गती आणि सूर्याकडची ओढ यांचा मेळ आहे असं समजून बघ. पुढे क्लासमध्ये ‘सूडो फोर्स’ शिकवतील, तेव्हा वळणाऱ्या बसमध्ये बसूनच हिशेब मांडायची ती सोय आहे हे लक्षात ठेव. तोवर रस्त्याकडेला उभी राहून बघ आणि बाहेरचा बाण काढू नकोस.

आता तुझ्यासमोरच्या पर्यायांकडे. मैत्रिणीच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आज तू शंभर न्यूमेरिकल्स सोडवलीस तर सूत्र निवडायचा सराव होईल, आणि चुकीचं गृहीत जिथल्या तिथे राहील. तुझे ११ गुण सराव कमी पडल्याने आलेले नाहीत. न्यूमेरिकल्स लागतीलच, पण नंतर. दादाचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. बायोलॉजी घेतलं तरी फिजिक्स सोबत राहणारच, आणि हाच धडा राहणार. वेगळा क्लास लावायचा विचार मनात आला असेल तर तोही सध्या बाजूला ठेव. बाबांवर आणखी बोजा टाकून पुन्हा तेच ऐकण्यात अर्थ नाही. कॉमर्सबद्दल मी नाही म्हणणार नाही. हिशेब, व्यवहार, बँकिंग यांची खरंच ओढ वाटत असेल तर ती शाखा उत्तम आहे आणि तिथे जाणं ही हार नाही. पण कॉमर्सला जावं असं म्हणण्यापलीकडे त्या शाखेत तुला काय आवडतं, याबद्दल तुझ्या पत्रात एकही वाक्य नाही. आहे ते सगळं नाण्याबद्दल आणि बैलगाडीबद्दल. ‘पटलं नाही’ म्हणून जिला झोप लागत नाही, तिचं या विषयाशी नातं तुटलेलं नाही, असं मला वाटतं. शाखा बदलायची शेवटची तारीख कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेव, आणि ती आड येत नसेल तर निर्णय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबव.

तोवर काय करायचं, ते सांगते. चाचणीची ती उत्तरपत्रिका बाहेर काढ. नवे प्रश्न नकोत, चुकलेलेच घे. प्रत्येकासाठी आधी एकच वस्तू निवड आणि तिच्याभोवती गोल काढ. त्या वस्तूला कोण कोण शिवतं आहे ते बघ, प्रत्येक स्पर्शाचा एक बाण, आणि पृथ्वीच्या ओढीचा एक. प्रत्येक बाणाशेजारी कोण कोणाला ढकलतं किंवा ओढतं ते वाक्य मराठीत लिही. ज्या बाणाला ढकलणारा सापडत नाही तो खोडून टाक. ‘गतीचं बल’, ‘हाताचं उरलेलं बल’ अशी नावं मनात येतील, तेही खोडायचेच. वेगाचा बाण वेगळ्या रंगात, आकृतीच्या बाहेर काढ, म्हणजे तो बलांत मिसळणार नाही. मग आकडे न घालता अंदाज बांध: वेग वाढेल, कमी होईल, वळेल की तसाच राहील? अंदाज लिहून झाल्यावरच सूत्राला हात लाव. क्लासमध्ये याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, आणि बहुतेक मुलं तो उत्तर काढून झाल्यावर मार्कांसाठी जोडतात. तू तो आधी काढ. सुरुवातीला एका प्रश्नाला अर्धा तास लागला तरी चालेल. दिवसाला दोन-तीन प्रश्न पुरेत.

फोन असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे फुकट ॲप घे. गावी जाताना बसमध्ये फोन मांडीवर आडवा, लांब बाजू पुढच्या दिशेने, असा घट्ट धर आणि गुरुत्वाकर्षण वगळलेल्या त्वरणाचा आलेख चालू कर. बस एकाच वेगाने धावत असताना रेष हादऱ्यांनी थरथरेल, पण शून्याच्या आसपासच राहील. ब्रेक लागला की एका बाजूला उसळेल, गिअर टाकून बस उचलली की दुसऱ्या. पुढे जाण्याचा आणि त्वरणाचा संबंध किती सैल आहे, हे डोळ्यांनी दिसतं. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही सिम्युलेशन्सही बघ, त्यांतली बरीच मराठीतही आहेत; घर्षण शून्य करून वस्तू ढकलायची आणि हात काढून घ्यायचा, हा खेळ तिथे मनसोक्त खेळता येतो.

जे पालक आणि शिक्षक हे वाचत असतील त्यांना एक विनंती. मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा बरोबर उत्तर लगेच सांगू नका. ‘तो बाण कोणाचा?’ एवढंच विचारा आणि थांबा. चुकीच्या उत्तराला वर्ग हसला, तर त्या दिवसापुरतं बाकीच्यांचं विचारणंही बंद होतं.

बाबांना गुण सांग. फोनवर नको, या वेळी घरी जाशील तेव्हा सांग. फीचा विषय निघेल या भीतीने तू ते लांबवते आहेस, पण वर्षअखेरीस कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं त्यांना सोपं जाईल. सोबत हेही सांग, की कुठे अडलं आहे ते सापडलं आहे आणि दिवाळीपर्यंत काय करणार आहेस.

सरांकडेही जा, पण ‘मला हा धडा समजला नाही’ असं म्हणून नको, कारण त्याला ते काय उत्तर देणार? बैल, गाडी आणि जमीन यांच्या तीन वेगळ्या आकृत्या काढून ने. जमिनीची आकृती मी मुद्दाम सोडली आहे, ती तू पूर्ण कर: बैल तिला किती न्यूटनने आणि कोणत्या दिशेने रेटतात, गाडी तिला किती आणि कुठे खेचते. मग सरांना एकेक बाण दाखवून विचार, ‘हा बरोबर आहे का, आणि एखादा राहिला का?’